हेडलाइटवरची पिवळी फिल्म

आमच्या घरात एक नियम होता. माझ्या चित्रांबद्दल मी विचारल्याशिवाय कुणी चकार शब्द काढायचा नाही. नियम मीच केला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, रागाच्या भरात. रागात केलेले माझे नियम सहसा चार दिवसांत बारगळतात. हा बारगळला नाही, कारण तो पाळणारा माणूस केंद्र सरकारच्या नोकरीत होता. त्याला एकदा आदेश मिळाला की तो रद्द झाल्याचा दुसरा आदेश हातात पडेपर्यंत पहिला लागू.

हा माणूस म्हणजे माझा नवरा. आम्ही दोघंही दिल्लीतल्या आर. के. पुरमचे, म्हणजे सरकारी वसाहतीतले. दोघांचे वडील मंत्रालयात, दोघांचे क्वार्टर समोरासमोर, मधे एक मैदान, आणि शाळेची बसही एकच. त्यामुळे लग्नानंतर त्याला 'अहो' म्हणणं मला काही केल्या जमेना. सासूबाईंसमोर दोन महिने नेटानं म्हटलं. मग एके दिवशी तो गॅसवर दूध ठेवून विसरला, आणि मी चारचौघांत "अरे गाढवा!" म्हणून ओरडले. तेव्हापासून तो प्रश्न मिटला.

तर नियमाबद्दल. लग्नानंतर आम्हालाही आर. के. पुरममध्येच क्वार्टर मिळालं होतं. त्याच्या मागच्या खोलीत मी माझं पहिलं मोठं चित्र केलं. सहा फूट लांब, चार फूट उंच. तीन महिने लागले. संध्याकाळी हा ऑफिसातून आला तेव्हा मी त्याला हाताला धरून आत नेलं आणि चित्रासमोर उभं केलं. हात मागे बांधून त्यानं ते अगदी मन लावून पाहिलं. मग म्हणाला, "छान आहे. भिंतीला ओल आल्यासारखं वाटतंय."

मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. लहानपणी ताप आला की छतावरच्या ओलीच्या डागांत त्याला डोंगर आणि उंट दिसायचे, त्यापेक्षा सुंदर त्यानं काही पाहिलेलं नव्हतं, आणि त्याला ते कौतुक म्हणून सुचलं होतं, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर नवव्या दिवशी नियम होऊन गेला होता. मी तो सुनावला तेव्हा त्यानं विचारलं, "तोंडी की लेखी?" मला वाटलं, थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

एवढं चिडायला काय झालं होतं, असं कुणी विचारेल. अहो, मी अमूर्त चित्रं काढते. माझ्या चित्रात झाड नसतं, बाई नसते, घोडा नसतो. रंग असतात, आणि ते एकमेकांशी कसे वागतात ते असतं. आणि म्हणून वयाच्या अठराव्या वर्षापासून मी एकच प्रश्न ऐकत आले, "हे काय आहे?" आर्ट कॉलेजात गेले तेव्हा बाबांनी विचारलं. त्यांच्या फायलीत डावीकडे वर 'विषय' लिहिल्याशिवाय पुढे काही सरकतच नसे, तेव्हा त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं की मुलगी विषय लिहायला विसरते. मावशीनं विचारलं, शेजारच्या सरदारणी काकूंनी विचारलं, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीच्या रांगेत उभं राहून लोकांनी विचारलं. निदान घरात तरी तो प्रश्न नको होता मला.

पुढची तीस-बत्तीस वर्षं तो नियम आमच्या घरात सुखानं नांदला. मी एका शाळेत चित्रकला शिकवत होते. सकाळी मुलांना माठ, तांब्या आणि आंब्याची फांदी, दुपारी घरी येऊन माझं काम. आधी चार जणांच्या प्रदर्शनात दोन चित्रं, मग कधी अर्धी भिंत, मग चाळिशी उलटल्यावर पहिलं एकटीचं प्रदर्शन. चित्रं न्यायला सुरुवातीला टेम्पो परवडायचा नाही. नवरा स्कूटर चालवायचा आणि मागे मी कॅनव्हास आडवा धरून बसायचे. फ्लायओव्हरवर वारा आला की स्कूटर आपोआप डावीकडे सरकायची. एकदा ट्रॅफिक पोलिसानं अडवलं, चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, "ये क्या है?" त्यालाही तेच विचारायचं होतं!

नवऱ्यानं कॅनव्हास ताणले, खिळे ठोकले, खोकी बांधली, प्रत्येक उद्घाटनाला इस्त्रीचा शर्ट घालून समोशांच्या टेबलापाशी उभं राहून लोकांना बाथरूम कुठे आहे ते सांगितलं. कुणी विचारलंच, "तुम्हाला कशी वाटतात वहिनींची चित्रं?" तर तो शांतपणे म्हणायचा, "त्याबद्दल मला अजून विचारलेलं नाही." लोक हसायचे. मीही हसायचे. आणि विचारायचं मात्र राहूनच जायचं.

सात वर्षांपूर्वी तीन गोष्टी एकदम झाल्या. हा रिटायर झाला, क्वार्टर सोडून आम्ही नोएडातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली. तिच्यासाठी ठेवलेली खोली माझी झाली. उत्तरेकडे खिडकी, दाराला कडी. मला वाटलं होतं, आता चार वाजताचा चहा दोघं मिळून घेऊ. आयुष्यभर तो मी एकटीनं घेतला होता.

कुठलं काय! चार-पाच महिने तो घरात रमला, आणि मग एके दिवशी सकाळी साडेनऊला डबा घेऊन बाहेर पडला. करोल बागेच्या बाजूला आपल्याकडची खेड्यापाड्यांतून आलेली मुलं यूपीएससीची तयारी करतात. त्यांना सरकार कसं चालतं ते शिकवायला हा जाऊ लागला. रोज. नोएडाहून मेट्रो थेट जाते, म्हणजे कारणही नाही न जाण्याचं. संध्याकाळी सहाला परत. मला वाईट वाटलं. माणसाचा घरात पाय ठरत नाही म्हणजे घरातल्या माणसाचा कंटाळा आलाय, दुसरं काय? पण बोलले नाही. मनात ठेवलं आणि दार लावून रंगवत बसले.

रंगवत होते ते आमच्या मैदानातलं थंडीचं ऊन. म्हणजे मैदान नाही, नुसतं ऊन. डिसेंबर-जानेवारीत दुपारी सगळ्या क्वार्टरांतल्या बायका खाटा टाकून बसायच्या, मटार सोलायच्या, संत्री खायच्या, आणि सरकारी पिवळट भिंतींवरून ते ऊन परतून अंगावर यायचं. ना पांढरं, ना राखाडी, पण उबदार. तो रंग मला हवा होता. माझ्या आयुष्यात मी इतक्या आनंदानं दुसरं काही केलं नसेल. सहा वर्षांत अकरा कॅनव्हास झाले, आणि जसजशी पुढे गेले तसतसा तो रंग मला जास्त चांगला सापडत गेला.

लोक मात्र विचित्र बोलायचे. गॅलरीवाल्या बाई बघून गेल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, यह ब्लू तो कमाल है!" कॅटलॉगसाठी लिहिणाऱ्या मुलीनं उतारवयातल्या निळ्या शांततेवर तीन पानं लिहिली. मी म्हटलं, असेल बाबा. राखाडी साधायला मी निळा घालत होते खरी, तोच यांना दिसला असेल. समीक्षकांना जे नसतं तेच आधी दिसतं, असं माझं जुनं मत आहेच.

आणि नवऱ्याला त्याच सुमारास बल्बचं वेड लागलं. मी आंघोळीला गेले की हा माझ्या खोलीत स्टुलावर चढून बल्ब बदलायचा. आधी जास्त वॉटचा, मग उन्हासारखा प्रकाश देणारा म्हणे, मग एक उभा दिवाच आणून ठेवला. मी त्याला किती बोलले असेन! "अरे, उत्तरेची खिडकी आहे मला, तुझ्या दिव्यांची गरज नाही, यार!" तो मान हलवायचा आणि महिन्याभरानं नवा बल्ब.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तो म्हणाला, "मला डोळे तपासून घ्यायचेत, चल सोबत." गेले. तिथे खुर्चीवर बसायची वेळ आली तर हा डॉक्टरांना म्हणतो, "पहले इनकी देख लीजिए." मी डोळे वटारले, पण परक्यासमोर तमाशा नको म्हणून बसले. डॉक्टरांनी एक डोळा बघितला, दुसरा बघितला, परत पहिला बघितला. मग विचारलं, "मॅडम, आप करती क्या हैं?" मी म्हटलं, पेंटिंग. त्यांनी पेन खाली ठेवलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. आधी उजवा करायचा आणि दीड महिन्यानं डावा, असं ठरलं. प्रदर्शन त्यानंतर महिन्यानं होतं.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मला आधी बाथरूममधली बादली दिसली. इतकी निळी बादली मी जन्मात पाहिली नव्हती. फरशा पांढऱ्या होत्या. माझी बदामी साडी मुळात पांढरी होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जळमटं होती, आरशात एक म्हातारी होती, आणि नवऱ्याचे केस, जे मी करडे समजत होते, ते पांढरेशुभ्र झालेले होते. मी घरभर फिरून "अय्या! अय्या!" करत होते आणि तो माझ्यामागून "वाकू नकोस, वाकू नकोस" करत होता.

रंगांच्या खोलीत जायला आठ दिवस बंदी होती. नवव्या दिवशी गेले. भिंतीला टेकून अकराच्या अकरा चित्रं उभी होती, आणि ती निळी होती. थंडगार, अगदी बर्फाच्या गोळ्यासारखी निळी. त्यांत कुठेही ऊन नव्हतं.

"परत बल्ब बदललास?" मी ओरडले.

तो दारात आला. "नाही बदलला," म्हणाला.

तरीही मी दिवा बंद केला, खिडकी सताड उघडली. निळंच. मग काय सुचलं कोण जाणे, मी हातानं उजवा डोळा झाकला. डाव्या, जुन्या डोळ्यानं बघितलं. ऊन! आमच्या मैदानातलं, मटाराच्या सालांवर पडलेलं ऊन, जसंच्या तसं. डावा झाकला, निळं. उजवा झाकला, ऊन. मी तशी कितीतरी वेळ उभी होते, आणि मग मटकन स्टुलावर बसले आणि रडले. ऑपरेशननंतर रडायचं नसतं, तरी रडले. सहा वर्षं मी जे पाहिलं ते जगात दुसऱ्या कुणीही पाहिलं नव्हतं. आणि आता तेही एकाच डोळ्यात उरलं होतं. पाच आठवड्यांनी डॉक्टर तोही धुऊन काढणार होते.

गॅलरीवाल्या बाईंना फोन करून सांगितलं की प्रदर्शन रद्द, मी सगळं नव्यानं रंगवणार. त्या घाबरल्या. म्हणाल्या, निळा हीच आता तुमची ओळख आहे. मी म्हटलं, ती मोतीबिंदूची ओळख आहे, त्यालाच बोलवा उद्घाटनाला. फोन ठेवून रंग कालवायला बसले. उजव्या डोळ्याला पटेल असा उबदार राखाडी कालवला, ब्रश चित्रापर्यंत नेला, आणि डाव्या डोळ्यानं बघितलं तर तो चिखल दिसत होता. कुठल्या डोळ्याचं ऐकायचं? चार दिवस हाच खेळ चालला. रंग वाळून गेले. एकही फटकारा मारला नाही. पाचव्या दिवशी जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "नाही रंगवता येत तर नाही. पण दुसरा डोळा जायच्या आधी ते एकदा कुणाला तरी दाखवता आलं असतं ना, तर माझं काही म्हणणं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करोल बागेतून आला तो एक गुंडाळी घेऊन. तिथे गाड्यांच्या सामानाच्या गल्ल्याच आहेत. दिल्लीतल्या धुक्यात समोरचं दिसावं म्हणून लोक हेडलाइटवर पिवळी फिल्म लावतात, तिचे तुकडे होते. फिकी पिवळी, गडद पिवळी, मधासारखी, आणि काचांना लावायची तपकिरी पण. त्यानं प्रत्येकावर पेननं नंबर घातले होते.

मग आमची परीक्षा सुरू झाली. मी डावा डोळा झाकून उजव्यापुढे फिल्म धरायची, चित्र बघायचं, मग फिल्म काढून नुसत्या डाव्यानं तेच चित्र बघायचं, आणि जुळतंय का ते सांगायचं. "नमुना क्रमांक दोन," तो म्हणायचा. "भगभगीत," मी म्हणायचे. "नमुना क्रमांक पाच." "गेला चुलीत!" तीन दिवस सकाळच्या उजेडात हेच चाललं, आणि तो तीन दिवस कुठे गेला नाही. शेवटी तीन नंबर आणि सात नंबर एकावर एक ठेवले, मधासारखी आणि तिच्यावर फिकी तपकिरी, आणि मी दोन-चारदा डोळे बदलून पाहिले. फरक नव्हता.

"हेच," मी म्हणाले. "हेच दिसत होतं मला. घे, बघ."

त्यानं फिल्म दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरली आणि पहिल्या चित्रासमोर उभा राहिला. बोलेना. मी वाट पाहिली. मग लक्षात आलं.

"विचारतेय मी," म्हणाले. "काय दिसतंय?"

"ऊन," तो म्हणाला. "आपल्या मैदानातलं. साधारण अडीच-तीनचं."

मला हुंदकाच आला. जन्मभर सगळ्यांनी मला विचारलं, हे काय आहे, आणि एकानं तो प्रश्न न विचारता सांगून टाकलं. तो पुढच्या चित्रापाशी गेला, मग त्याच्या पुढच्या. पुन्हा उलटा आला. फिल्म खाली करून बघायचा, परत डोळ्यांसमोर धरायचा. अकरा चित्रं झाली तेव्हा त्यानं फिल्म हळूच टेबलावर ठेवली.

"म्हणजे तू उदास नव्हतीस," तो म्हणाला.

"कधी?"

"ही सहा वर्षं."

मला कळेना. "मी कशाला उदास असेन? मी मजेत होते!"

तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "मी रिटायर होऊन घरात बसलो, आणि तू निळं रंगवायला लागलीस. एक झालं, दुसरं झालं. दुसरं जास्त निळं. मला वाटलं, दिवसभर मी घरात, त्याचा तुला त्रास होतोय. म्हणून मग म्हटलं, आपण बाहेर असावं. मी जायला लागलो, तरी निळंच. मग वाटलं, खोलीत उजेड कमी पडत असेल. तेही नाही. मग डोळे."

"अरे, विचारायचंस ना मला!"

"नियम होता," तो म्हणाला.

माणसाचा इतका राग यावा आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटावं, असं माझं आयुष्यात एकदाच झालं. तो माझ्या चित्रांत मला वाचत होता, सहा वर्षं, रोज, आणि चुकीचं वाचत होता. आणि मी दार लावून आत आमचंच ऊन रंगवत बसले होते, हा करोल बागेत का जातो म्हणून रुसून. मी म्हणाले, "नियम रद्द. आत्तापासून."

"तोंडी की लेखी?"

"लेखी देते," मी म्हणाले, आणि दिलं. शेवटच्या कॅनव्हासच्या पाठीवर, ब्रशनं, सहीनिशी.

रद्द केलेलं प्रदर्शन पुन्हा ठरलं आणि झालं. चित्रांना मी हात लावला नाही. गॅलरीवाल्या बाईंनी फिल्मची गोष्ट ऐकली आणि त्यांचे डोळे चमकले. येणाऱ्या प्रत्येकाला पिवळे चष्मे वाटायचं त्यांच्या डोक्यात आलं. मी साफ नाही म्हटलं. लोकांनी निळं बघितलं, निळ्याचं कौतुक केलं, मी आभार मानले. नवरा समोशांपाशी होता. कुणीतरी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, आणि तो चक्क दहा मिनिटं बोलला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याआधीच होऊन गेलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मी उजवा डोळा झाकून अकराही चित्रांसमोरून एकदा चालत गेले. तो फिल्म धरून शेजारी चालला. गाडी खाली येऊन थांबली होती, त्यामुळे फार वेळ नव्हता. ते ऊन मला आता माझ्या डोळ्यानं कधी दिसणार नाही. पण ते आणखी एका माणसानं पाहिलंय, आणि तो माझ्या घरात राहतो.

आता तो आठवड्यातून दोनच दिवस करोल बागेत जातो. बाकीचे दिवस माझ्या खोलीत, दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचतो. कालचीच गोष्ट. चार वाजता त्यानं चहा करून आणला, कप माझ्या हातात दिला, मी करत असलेल्या चित्राकडे बघितलं आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाला, "डावीकडे जरा जास्त झालंय."

मला असा राग आला म्हणून सांगू! चहा संपवला, सुरी घेतली, आणि डावीकडचं सगळं खरवडून काढलं.